नांगराच्या कारखान्यातले चित्रकार

आपलं भित्तिपत्रक लागलं की सगळे आधी चित्रांपाशी गर्दी करतात. मजकूर मागाहून. माणसाची ही खोड शंवाकिंनी फार पूर्वी ओळखली होती.

शंवाकि म्हणजे शंकर वासुदेव किर्लोस्कर. त्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ रोजी सोलापूरला झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ते चित्रकला शिकले. थेट लाहोरला जाऊन पंडित सातवळेकरांच्या हाताखालीही शिकले. सातवळेकरांना आपण वेदांचे पंडित म्हणून ओळखतो, पण ते नामांकित चित्रकारही होते, बरं का!

एवढं शिकल्यावर श्रीमंतांच्या तसबिरी रंगवून पैसा मिळवता आला असता. शंकरराव मात्र आले काकांच्या कारखान्यात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली होती. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. तिथे लोखंडी नांगर होत. आता आपल्या शिंदे-पळसेकडे ट्रॅक्टर फिरतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण त्या काळी लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लक्ष्मणरावांचे पहिले नांगर कितीतरी दिवस तसेच पडून होते म्हणे!

अशा लोकांना समजावायचं कसं? शंकररावांकडे जाहिरातीचं काम होतं. १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढलं. कारखान्याची माहिती द्यायला निघालेलं हे मासिक पुढे घराघरांत वाचलं जाऊ लागलं. त्याचं नावही नुसतं ‘किर्लोस्कर’ झालं. शंकरराव त्यात स्वतः व्यंगचित्रं काढत. व्यंगचित्राची गंमत अशी की, ज्याला अक्षर येत नाही तोही चित्र बघून हसतो आणि मग शेजारच्याला विचारतो, खाली काय लिहिलंय? तिथेच वाचनाची गोडी लागते.

त्यांची चित्रं नुसती हसवणारी नव्हती. अंधश्रद्धा, खुळचट रूढी यांना ती चिमटे काढत. मासिकातले लेखही तसेच परखड. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच मासिकात आले. जुन्या वळणाची मंडळी चिडली. कारखान्याला गिऱ्हाईक हवं असतं, गिऱ्हाइकाला दुखवून कसं चालेल? तरी शंकररावांनी लेखणी आवरली नाही. मला त्यांचं हेच फार आवडतं.

१९३० साली त्यांनी खास बायकांसाठी ‘स्त्री’ मासिक काढलं. त्या वेळी कितीतरी घरांत मुलींना शाळेतसुद्धा पाठवत नसत! १९३४ साली ‘मनोहर’ निघालं.

त्यांच्या व्यंगचित्रांच्या पुस्तकाचं नाव आहे ‘टाकांच्या फेकी’. टाक म्हणजे दौतीत बुडवून लिहायची लेखणी. आपल्या आजोबांना विचारा, ते सांगतील. ‘शंवाकीय’ हे त्यांचं आत्मचरित्र. १ जानेवारी १९७५ रोजी ते वारले.

पालकांना विनंती, कुणाच्या माळ्यावर ‘किर्लोस्कर’ किंवा ‘स्त्री’चे जुने अंक असतील तर ते रद्दीत घालू नका. वर्गात पाठवा. आम्ही जपून वापरू आणि परत करू.