थोरले माधवराव : आजारपणातली कर्तबगारी



इतिहासाच्या पुस्तकात पानिपतचा धडा संपला की थोरल्या माधवराव पेशव्यांवर एक परिच्छेद असायचा. राक्षसभुवनची लढाई, हैदरवरच्या स्वाऱ्या, रामशास्त्री प्रभुणे आणि शेवटी क्षयाने अकाली निधन. एवढे पाठ केले की टीप लिहून व्हायची. पुढे कुणी रणजित देसाईंची ‘स्वामी’ वाचली, कुणी दूरदर्शनवर त्याची मालिका पाहिली, आणि माधवराव-रमाबाई घरातल्या माणसांसारखे ओळखीचे झाले.

आज आपण सगळे चाळिशीच्या पुढे आहोत. आपल्यापैकी काहींच्या पिशवीत रोजच्या गोळ्यांची डबी असते, काहींच्या घरी वर्षानुवर्षांचे दुखणे आहे. या वयात तो परिच्छेद पुन्हा वाचला की ‘अकाली निधन’ या शब्दांपाशी थांबायला होते. कारण माधवराव नुसते आजाराने गेले नाहीत. ते आजार अंगावर घेऊन जगले आणि त्याच काळात त्यांनी राज्यही चालवले. त्यांच्या आयुष्याचा हा भाग आपण शाळेत फारसा वाचला नाही, म्हणून तो इथे मांडते.

पेशव्यांचे भट घराणे मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातले. नानासाहेब आणि गोपिकाबाई यांचा हा दुसरा मुलगा 1745 च्या फेब्रुवारीत जन्मला. राज्य थोरल्या विश्वासरावांकडे जायचे होते. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ पडले. त्या धक्क्यातून नानासाहेब सावरले नाहीत, आणि जूनमध्ये पुण्यात पर्वतीवर त्यांनी देह ठेवला. पेशवाईची वस्त्रे माधवरावांना मिळाली तेव्हा त्यांचे वय होते 16, आपल्या दहावीच्या वर्गाचे.

वारशात त्यांना काय मिळाले? एक पिढी कापली गेलेले सैन्य, डोक्यावर कर्ज, पुण्यावर डोळा ठेवून बसलेला निजाम, दक्षिणेत वाढत चाललेला हैदर, आणि घरातच कारभार आपल्या हाती हवा असलेले काका रघुनाथराव. 1762 मध्ये काका-पुतण्यांची आळेगावला लढाई झाली. घरच्या भांडणात राज्य फुटू नये म्हणून माधवराव आपण होऊन काकांच्या स्वाधीन झाले. पुढच्याच वर्षी निजामाने पुणे लुटले, तेव्हा दोघे एकत्र लढले. 10 ऑगस्ट 1763 रोजी गोदाकाठी राक्षसभुवनला निजामाचा मोठा पराभव झाला. अडचणीत सापडलेल्या काकांना पुतण्यानेच सोडवले. तिथून कारभार खऱ्या अर्थाने माधवरावांच्या हाती आला. ते 18 वर्षांचे होते.

हा मुलगा मनाने भाविक होता. गणपतीवर त्यांची श्रद्धा होती आणि थेऊरचा चिंतामणी हे त्यांचे विशेष ठिकाण होते. त्यांच्या श्रद्धेबद्दल एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. ग्रँट डफनेही तो आपल्या इतिहासात दिला आहे. एकदा रामशास्त्री कामासाठी भेटायला आले, तेव्हा माधवराव जपाला बसले होते. शास्त्रीबुवा परत गेले आणि दुसऱ्या दिवशी काशीला जाण्याची परवानगी मागू लागले. कारण विचारल्यावर त्यांनी स्पष्टच सांगितले, की जपतपच करायचे तर गादी सोडावी आणि दोघांनी मिळून गंगेकाठी जावे. गादीवर बसायचे असेल, तर रयतेचे काम हाच धर्म मानावा. माधवरावांना राग आला नाही. त्यांनी ते लांबलचक अनुष्ठान बंद केले.

शिवथरच्या परिसरात वाढलेल्यांना हा प्रसंग कळायला जड जाऊ नये. घळीत समर्थांनी सांगितलेला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतलेला दासबोध आपण प्रार्थनेच्या वेळेपासून ऐकत आलो. हातातले काम टाकून देव सापडत नाही, ही शिकवण त्यात पानोपानी आहे. रामशास्त्र्यांनी पेशव्याला तेच सांगितले, आणि विशीच्या आसपासच्या त्या मुलाने ते ऐकले.

त्यानंतरच्या कारभारात हे दिसत राहिले. वेठीला माणसे धरून त्यांच्या डोक्यावर अधिकाऱ्यांचे सामान वाहायला लावण्याची चाल त्यांनी बंद केली, आणि बड्या अधिकाऱ्यालाही त्यातून सूट दिली नाही. रामशास्त्र्यांच्या न्यायदानाला पेशव्याचा पाठिंबा आहे, हे सगळ्यांना माहीत होते. 1768 मध्ये काकांनी पुन्हा बंड केले. धोडपला त्यांचा पराभव करून माधवरावांनी त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. आई गोपिकाबाईंशी मतभेद झाले आणि त्या नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. आईचे दूर जाणेही त्यांनी सोसले.

या सगळ्या धावपळीत शरीर मात्र साथ सोडत होते. पुढच्या इतिहासकारांनी त्यांचे दुखणे आतड्यांचा क्षय असे सांगितले आहे. जुन्या दुखण्याची तऱ्हा आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. चार दिवस बरे जातात, माणसाला वाटते सुटलो, आणि पाचव्या दिवशी उठवत नाही. 1770 साली कर्नाटकच्या स्वारीतून माधवरावांना तब्येतीमुळे मागे फिरावे लागले. स्वतः पुढे राहून लढणाऱ्याला हे किती कठीण गेले असेल! पण त्यांनी मोहीम थांबवली नाही. ती त्र्यंबकराव पेठ्यांवर सोपवली आणि 1771 च्या मार्चमध्ये मोती तलावाच्या लढाईत पेठ्यांनी हैदरला हरवले. उत्तरेत महादजी शिंदे, विसाजी कृष्ण बिनीवाले आणि इतर सरदार होते. 1772 च्या जानेवारीत मराठ्यांच्या बळावर बादशहा शाहआलम दिल्लीच्या तख्तावर परतला. पानिपतला अकरा वर्षे होत होती. ज्याच्या नावाने हे झाले, तो पेशवा तेव्हा दुखण्याने खंगलेला होता.

म्हणून त्यांना संत करायचे कारण नाही. ते मुळात तापट होते आणि आजाराने चिडचिड वाढली होती. ज्याने असे दुखणे जवळून पाहिले आहे, तो याबद्दल त्यांना नावे ठेवणार नाही.

शेवटचे दिवस त्यांनी थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात काढले. तिथला लाकडी सभामंडप त्यांनीच बांधवला होता. तिथे त्यांनी उरलेल्या कामांची नऊ कलमांची यादी करून कारभाऱ्यांच्या हवाली केली. राज्याचे सगळे कर्ज फेडावे, त्यासाठी आपला खासगी ठेवाही वापरावा, हे त्यात होते. काशी-प्रयाग सोडवण्याची वडिलांची अपुरी राहिलेली इच्छाही होती. काकांना बोलावून त्यांनी धाकट्या नारायणरावाला त्यांच्या हाती दिले. 18 नोव्हेंबर 1772 रोजी, 27 व्या वर्षी, ते गेले. मूलबाळ नव्हते. रमाबाई सती गेल्या. नदीकाठी त्यांचे स्मारक आहे. त्यासमोर उभे राहिले की कौतुकापेक्षा त्या कोवळ्या जिवाची हळहळच अधिक वाटते.

नऊ-दहा महिन्यांत, 30 ऑगस्ट 1773 रोजी, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी धरून देहान्त प्रायश्चित्त सांगितले. तेवढा निर्भय न्यायाधीश मागे राहिला, हीसुद्धा माधवरावांचीच कमाई. त्यांच्या जाण्याने झालेले नुकसान पानिपतापेक्षा कमी नव्हते, असे ग्रँट डफने नोंदवले आहे. तो तर इंग्रजांचा माणूस.

हे सगळे आज का लिहायचे? दीर्घ आजारी माणसाला आपण सहज म्हणतो, श्रद्धा ठेव, बरा होशील. बरे वाटले नाही की त्यालाच वाटू लागते, आपली श्रद्धा कमी पडली. माधवरावांची श्रद्धा कमी नव्हती आणि चिंतामणी तर दारातच होता. तरी आजार हटला नाही. क्षयाचा जंतू कोख यांनी शोधला तो 1882 मध्ये, माधवरावांनंतर 110 वर्षांनी. त्यावरचे पहिले गुणकारी औषध यायला विसाव्या शतकाची चाळिशी उजाडली. कमी पडले होते ते औषध. आज साध्या क्षयावर साधारण सहा महिने औषधे घेऊन बरे होता येते आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तरीही आपल्या वाड्या-वस्त्यांवर लोक हे दुखणे लपवतात. तसे कुणी माहीत असेल, तर त्याला हात धरून दवाखान्यात न्या.

श्रद्धेने माधवरावांना आयुष्य वाढवून दिले नाही. हाताशी असलेले दिवस कशाला लावायचे, एवढे मात्र तिने त्यांना सांगितले. आपल्या बॅचमधले जे कुणी आज उपचार घेत आहेत आणि मेळाव्याला येऊ शकले नाहीत, त्यांनी हे वाचावे, अशी इच्छा आहे. तुम्ही किती दिवस आजारी आहात, यावरून आम्ही तुम्हाला ओळखत नाही.

वरंध घाट चढून भोरमार्गे पुण्याला जाणे आपले नेहमीचे. पुढच्या खेपेला सोलापूर रस्त्याने आणखी पंचवीसेक किलोमीटर जाऊन थेऊरला थांबा. चिंतामणीचे दर्शन घ्या आणि सभामंडपात घटकाभर बसा.