जगाला संगीत समजावून सांगणाऱ्या बर्नस्टाईनची सिगारेट का सुटली नाही?

2023 साली नेटफ्लिक्सवर 'माएस्ट्रो' नावाचा सिनेमा आला. ब्रॅडली कूपरचा. ज्यांनी तो पाहिला त्यांना दोन गोष्टी हमखास आठवतात. एक म्हणजे घामाघूम होऊन ऑर्केस्ट्रासमोर हात फिरवणारा माणूस आणि दुसरी म्हणजे त्याच माणसाच्या बोटांतली सिगारेट.

हा माणूस म्हणजे लिओनार्ड बर्नस्टाईन. आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता 1978 साली ज्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक झाले, त्याच ऑर्केस्ट्राची धुरा 1958 ते 1969 या काळात बर्नस्टाईन यांच्याकडे होती.

त्यांच्या संगीतावर भरपूर लिहिलं गेलंय. आज आपण त्यांच्या श्वासाची गोष्ट पाहू. कारण ज्याच्या घरात दम्याचा किंवा सीओपीडीचा पेशंट आहे आणि तरीही त्याची बिडी-सिगारेट सुटत नाही, त्या प्रत्येकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

दमेकरी पोरगा रातोरात स्टार झाला

25 ऑगस्ट 1918 रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉरेन्स या गावी लेनीचा जन्म झाला. आईवडील युक्रेनमधून आलेले ज्यू. वडिलांचा सौंदर्यप्रसाधनं पुरवण्याचा धंदा होता. लेनी दहा वर्षांचा असताना त्याच्या आत्याचा पियानो घरी आला आणि पोराला दुसरं काही सुचेना. वडिलांचा याला विरोध होता. संगीतावर पोट भरत नाही, हे त्यांचं पक्कं मत.

लेनीला लहानपणापासून दमा होता. हा दमा एवढा होता की दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीसाठी त्याला अपात्र ठरवलं गेलं. त्यामुळे तो न्यूयॉर्कमध्येच राहिला आणि तिथे त्याचं नशीब उघडलं.

14 नोव्हेंबर 1943. कार्नेगी हॉलमध्ये मैफल होती. प्रसिद्ध संचालक ब्रुनो वॉल्टर फ्लूने आजारी पडले. ऐनवेळी 25 वर्षांच्या बर्नस्टाईनला उभं केलं गेलं. एकही तालीम नाही आणि कार्यक्रम रेडिओवरून देशभर चाललेला. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर त्याची बातमी होती.

त्यानंतर बर्नस्टाईन यांनी मागे वळून पाहिलं नाही. 1951 साली अभिनेत्री फेलिशिया मॉन्टेलेग्रेशी लग्न, मग तीन मुलं. 1957 साली 'वेस्ट साइड स्टोरी' ब्रॉडवेवर आलं आणि त्याचे 732 प्रयोग झाले. 1958 ते 1972 या काळात त्यांनी लहान मुलांसाठी टीव्हीवर 53 मैफली केल्या. सूर म्हणजे काय, सिंफनी म्हणजे काय, हे ते पोरांना सोपं करून सांगायचे. अवघड गोष्ट समजावून देण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

आणि या सगळ्या वर्षांत सिगारेट कायम सोबत होती. तालमीला सिगारेट, मुलाखतीला सिगारेट, रात्र रात्र जागून संगीत लिहिताना सिगारेट.

मग त्यांना धोका माहीत नव्हता का?

माहीत होता. 1964 च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्जन जनरलने सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध सांगणारा अहवाल जाहीर केला. देशभर त्याचा गाजावाजा झाला. तेव्हा बर्नस्टाईन 45 वर्षांचे होते. हार्वर्डमध्ये शिकलेला, अफाट वाचणारा माणूस. त्याला हे कळलं नसेल असं कोण म्हणेल?

पण कळणं आणि सुटणं यात मोठं अंतर असतं. पुढे त्यांना एम्फिसिमा जडला. सीओपीडी नावाच्या आजारात जे बिघाड होतात त्यातला हा एक.

आपल्या फुप्फुसात कोट्यवधी चिमुकल्या पिशव्या असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. श्वास घेतला की त्या फुगतात, सोडला की आकसतात. वर्षानुवर्षं धूर गेला की त्यांच्या भिंती झिजतात, तुटतात. धुऊन धुऊन सैल झालेल्या इलॅस्टिकसारखी त्यांची अवस्था होते. जुनी हवा नीट बाहेर पडत नाही, त्यामुळे नव्या हवेला जागा उरत नाही. एकदा मोडलेले वायुकोश पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत.

बाहेर टाळ्या, आत अंधार

बर्नस्टाईन यांना झोप लागायची नाही. गर्दीत ते खुलायचे आणि एकटं राहणं त्यांना जड जायचं. त्यांना पुरुषांविषयीही ओढ होती आणि त्या काळच्या अमेरिकेत हे उघडपणे जगणं सोपं नव्हतं. आणखी एक सल होता. जग त्यांना संचालक म्हणून डोक्यावर घेत होतं, पण त्यांना संगीतकार म्हणून मागे काही मोठं ठेवायचं होतं. ते पुरेसं झालं नाही, असं त्यांना वाटत राहिलं.

1976 साल वाईट गेलं. ब्रॉडवेवरचं त्यांचं नवं संगीतनाटक फक्त सात प्रयोगांत बंद पडलं. त्याच वर्षी ते घर सोडून एका मित्रासोबत राहायला गेले. पुढच्या वर्षी फेलिशियाला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. ते परतले आणि शेवटपर्यंत तिच्याजवळ राहिले. जून 1978 मध्ये ती गेली. तीही सिगारेट ओढायची.

तिच्या जाण्याचा अपराधीपणा त्यांना सुटला नाही. नंतरच्या वर्षांत नैराश्याचे झटके येत राहिले. बायको फुप्फुसाच्या आजाराने गेली, स्वतःची फुप्फुसं बिघडलेली, तरी सिगारेट सुरूच होती.

बाहेरून बघणाऱ्याला हा निव्वळ हट्ट वाटेल. पण निकोटिन कसं काम करतं ते पाहिलं की चित्र बदलतं.

सिगारेटने खरंच टेन्शन जातं का?

झुरका मारला की काही सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचतं आणि डोपामाइन सुटतं. बरं वाटतं. पण साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटिन अर्ध्यावर येतं. मग चिडचिड, अस्वस्थता सुरू होते. पुन्हा सिगारेट पेटवली की ही अस्वस्थता थांबते. माणसाला वाटतं, सिगारेटने माझं टेन्शन घालवलं. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं टेन्शन आधीच्या सिगारेटनेच आणलेलं असतं.

ज्याची फुप्फुसं आजारी आहेत त्याच्यासाठी हा फेरा आणखी घट्ट होतो. धाप लागली की जीव घाबरतो. जीव घाबरला की श्वास उथळ आणि जलद होतो, त्याने धाप अजून वाढते. मग माणूस जिना टाळतो, बाजार टाळतो, लग्नसमारंभ टाळतो. घरात एकटा बसतो आणि मन खचत जातं. सीओपीडीच्या पेशंटमध्ये नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळते, त्यामागे हेही एक कारण आहे. खचलेल्या मनाला सोडण्याचं बळ कमी पडतं आणि हात पुन्हा पाकिटाकडे जातो.

बर्नस्टाईन यांच्या मनात नेमकं काय चालायचं याचं निदान आज दुरून करता येणार नाही. पण दमा, धूर, निद्रानाश, दुःख आणि एकटेपण हे सगळं त्यांच्या आयुष्यात एकत्र नांदत होतं, एवढं नक्की.

शेवटची मैफल

बर्लिनची भिंत पडल्यावर 25 डिसेंबर 1989 रोजी त्यांनी पूर्व बर्लिनमध्ये बीथोव्हनची नववी सिंफनी सादर केली. जगभर ती गाजली. पण तब्येत झपाट्याने ढासळत होती. पुढच्या उन्हाळ्यात जपानचा दौरा त्यांना अर्धवट सोडावा लागला.

19 ऑगस्ट 1990. ठिकाण टँगलवूड. 1940 साली याच जागी ते विद्यार्थी म्हणून आले होते. त्या दिवशी कार्यक्रमातली स्वतःची रचना संचालित करायचंही बळ त्यांच्यात नव्हतं, ती दुसऱ्या संचालकाने सांभाळली. बीथोव्हनच्या सातव्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की हात थांबले. ते कठड्याला टेकले. बोस्टन सिंफनीचे वादक वाजवत राहिले. उबळ ओसरल्यावर त्यांनी सिंफनी पूर्ण केली.

9 ऑक्टोबरला त्यांनी संचालनातून निवृत्ती जाहीर केली. पाचच दिवसांनी, 14 ऑक्टोबर 1990 रोजी, न्यूयॉर्कमधल्या घरी ते गेले. वय 72. फुप्फुसं निकामी होत गेल्याने हृदयविकाराचा झटका आला, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांना फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोगही झाला होता. तो मुख्यतः अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होतो, त्यामुळे सगळा दोष सिगारेटच्या माथी मारता येणार नाही. पण एम्फिसिमाने त्यांचा श्वास आधीच पोखरला होता.

आज काय वेगळं आहे?

खूप काही. सिगारेट सोडली तर मन अजून बिघडेल, ही भीती पेशंटला असते, घरच्यांना असते, कधी कधी डॉक्टरांनाही असते. 2014 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 26 अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला. त्यात उलट चित्र दिसलं. ज्यांनी सोडली त्यांची चिंता, नैराश्य आणि ताण न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाला. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांमध्येही हेच दिसलं. पहिले काही आठवडे त्रासाचे असतात, पण ते सरतात.

निकोटिनची गोळी, च्युइंगगम, पॅच, औषधं आणि समुपदेशन असे उपाय आज आहेत. श्वासाचे आणि चालण्याचे व्यायाम शिकवणारं पल्मनरी रिहॅबिलिटेशनही आहे, त्याने धाप आणि भीती दोन्ही कमी होतात. मोडलेले वायुकोश परत येत नाहीत, पण सिगारेट थांबली की पुढची झीज मंदावते. त्यामुळे उशीर झाला म्हणून सोडून काय उपयोग, हा हिशेबच चुकीचा आहे.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर इतकी अक्कल असून सोडत का नाही, हे त्यांना पुन्हा सुनावू नका. अक्कल बर्नस्टाईन यांच्याकडेही भरपूर होती. त्यापेक्षा झोप लागते का, मन कशात रमतं का, एकटं वाटतं का, हे विचारा. आणि छातीच्या डॉक्टरांकडे न्याल तेव्हा मनाचंही सांगा.

तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, 1800-11-2356. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस, 14416. नंबर सेव्ह करून ठेवा आणि गरज असलेल्या माणसापर्यंत पोहोचवा.