प्रांतांची तिजोरी आणि डॉ. आंबेडकर

मंदी आली की कारखाने थंडावतात, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर घडते. राज्य सरकारची तिजोरी त्याच वेळी आटत असते, ते मात्र अर्थसंकल्पाची सुधारित आकडेवारी हाती येईपर्यंत फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. केंद्राला कर्ज उभारण्याची मोकळीक अधिक असते आणि चलनव्यवस्थाही त्याच्याच हाती असते. केंद्राचे देणे लागणाऱ्या राज्याला तर नवे कर्ज काढण्यासाठीही केंद्राची संमती घ्यावी लागते. मग तुटीचा भार कोणी वाहावयाचा? या प्रश्नाचा अभ्यास ज्या तरुणाने आपल्या विद्याजीवनाच्या आरंभीच केला, त्याला देश आज घटनाकार म्हणून ओळखतो. अर्थशास्त्रज्ञ डॉ. बाबासाहेब आंबेडकर मात्र राजधानीतही काहीसे विस्मृतीतच राहिले.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे प्रा. सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीचा विषय हाती घेतला. १९२१ साली लंडनमध्ये एम.एस्सी.साठी सादर केलेला प्रबंधही त्याच विषयाशी निगडित होता. कोलंबियाचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

या ग्रंथातील इतिहास कोरड्या हिशेबाचा नाही. १८३३ च्या सनदी कायद्याने सारी आर्थिक सत्ता मध्यवर्ती सरकारच्या हाती गेली. पैसा उभारण्याची जबाबदारी एकाची आणि खर्च करण्याचे काम दुसऱ्याचे, अशी विचित्र विभागणी झाली. १८७० साली लॉर्ड मेयोंनी तुरुंग, पोलीस, शिक्षण, रस्ते अशी खाती ठरावीक अनुदानासह प्रांतांकडे सोपविली. १८७७ पासून काही उत्पन्नाच्या बाबी आणि १८८२ पासून महसुलातील वाटा प्रांतांना मिळू लागला. तथापि दर पाच वर्षांनी करार नव्याने ठरे आणि वाढलेल्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा मध्यवर्ती सरकार परत घेई. काटकसर करून शिल्लक राखण्याचे कारणच प्रांतांना उरत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत प्रांतांची शिल्लक आटली आणि त्यांना केंद्रापुढे हात पसरावा लागला.

१९१९ च्या सुधारणांनी वाटणी नव्याने झाली. जमीन महसूल, अबकारी, मुद्रांक प्रांतांकडे आले. जकात आणि प्राप्तिकर केंद्राकडे राहिले. वर केंद्राची तूट भरून काढण्यासाठी प्रांतांनी मिळून दरसाल ९८३ लाख रुपये द्यावेत, असे मेस्टन समितीच्या शिफारशीतून ठरले. महायुद्धोत्तर मंदीच्या तोंडावर आलेल्या या व्यवस्थेत अनेक प्रांत तुटीत गेले. लोकांना जबाबदार नसलेले सरकार करही नीट उभारू शकत नाही, असा आंबेडकरांचा निष्कर्ष होता. द्विदल राज्यपद्धतीवरील त्यांच्या टीकेचे मूळ येथे आहे.

१९२७ साली मुंबई विधिमंडळात प्रवेश करताच त्यांनी अर्थसंकल्पावर बोलताना हाच अभ्यास व्यवहारात आणला. प्राप्तिकराला उत्पन्नाची किमान मर्यादा आहे. मात्र मूठभर जमिनीच्या धन्यालाही पीक येवो न येवो सारा भरावा लागतो, या विषमतेवर त्यांनी बोट ठेवले. प्रांत दरडोई शिक्षणावर १४ आणे खर्च करतो आणि अबकारीतून दोन रुपयांहून अधिक वसूल करतो, हेही त्यांनी सभागृहाला दाखवून दिले. तूट आली की कोणाचा खर्च छाटला जातो, हा त्यांचा खरा सवाल होता.

पुढे १९२९ च्या जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले; सारा मात्र रोखीत ठरलेला. १९३१ च्या अखेरीस केंद्रीय नोकरवर्गाच्या वेतनात दहा टक्के कपात झाली. प्राप्तिकराचा निम्मा वाटा प्रांतांना देण्याचे तत्त्व मान्य होण्यास १९३६ चा निमेयर निवाडा यावा लागला.

मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून आंबेडकरांनी जी घटना सभागृहातून पार नेली, तिच्या कलम २८० ने दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमणे बंधनकारक केले. १८८२ नंतरच्या करारांची मुदतही पाच वर्षांचीच होती. फरक इतकाच की तेथे निर्णय घेणारा स्वतःच वाटेकरी होता. आता त्रयस्थ आयोग शिफारस करतो. हा फरक लहान नव्हे.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतील २६, अलीपूर मार्ग येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र प्रत्येक मंदीत परत येतो. २००८-०९ च्या संकटात राज्यांची कर्जमर्यादा सैल करावी लागली. २०२० मध्ये टाळेबंदीने वस्तू व सेवा करातील भरपाईचा उपकर अपुरा पडला. १४ टक्के वाढीची हमी कायद्यात असूनही केंद्राने २०२०-२१ मध्ये राज्यांसाठी १.१ लाख कोटी रुपयांचे कर्ज काढून वेळ निभावली. महाराष्ट्राने त्या मे महिन्यात खात्यांचा निधी तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणला. उपकर आणि अधिभार तर वित्त आयोगाच्या वाटपाबाहेरच राहतात. त्यांचे प्रमाण वाढले की राज्यांचा वाटा कागदावर तसाच राहून प्रत्यक्षात घटतो.

वाटणीचा नियम सुबत्तेच्या काळात ठरवावा लागतो, कारण टंचाईत नियम बलवान पक्ष ठरवितो. प्रांतांच्या जुन्या हिशेबवह्यांतून आंबेडकरांनी काढलेला हा धडा राज्यांचे अर्थसंकल्प आखणाऱ्यांनी विसरू नये.