घरातल्या बायकांचे टोमणे सोसले आणि पुढे हजारभर बायकांसाठी घर उभं केलं : रमाबाई रानडेंची गोष्ट

२०१२ साली ‘उंच माझा झोका’ ही मालिका लागली आणि रमाबाई रानडे घराघरात पोहोचल्या. चिमुरडी रमा, तिला लिहायला-वाचायला शिकवणारे न्यायमूर्ती रानडे आणि तिच्या शिक्षणावर खार खाऊन असलेल्या घरातल्या बायका. अनेकांच्या डोक्यात रमाबाई म्हणजे एवढंच राहिलंय. मोठ्या माणसाची बायको, जिला नवऱ्याने शिकवलं.

पण न्यायमूर्ती रानडे वारले ते १६ जानेवारी १९०१ ला. रमाबाई त्यानंतर जवळपास २३ वर्षं जगल्या आणि त्यांचं सगळ्यात मोठं काम या २३ वर्षांतलं आहे. हे काम त्यांनाच का जमलं, हे कळायला मात्र आधी त्या जुन्या घरात जावं लागतं.

रमाबाईंचं माहेरचं नाव यमुना. गाव सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे. (यशवंतराव चव्हाणांचा जन्मही याच गावातला.) वडील कुर्लेकर. मुलींना शिकवायची तेव्हा पद्धतच नव्हती, त्यामुळे यमुनेलाही अक्षरओळख नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी तिचं लग्न महादेव गोविंद रानडेंशी लागलं. नवऱ्याचं वय ३१.

हे लग्न मुळात वादाचं होतं. रानडेंची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवा विवाहाचा पुरस्कार करणारा हा माणूस आता स्वतः विधवेशी लग्न करणार, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांनी मात्र घाईघाईने कुमारिका शोधली आणि वडिलांपुढे रानडेंचं काही चाललं नाही. त्यांच्यावर तेव्हा भरपूर टीका झाली आणि ती काही अगदीच चुकीची नव्हती. या सगळ्यात त्या अकरा वर्षांच्या मुलीला कुणी काही विचारलं असेल, अशी शक्यताच नव्हती.

लग्न होऊन ती पुण्याच्या घरात आली आणि रानडेंनी तिला शिकवायला सुरुवात केली. आधी मुळाक्षरं, मग पुस्तकं, मग इंग्रजी. इथून खरी परीक्षा सुरू झाली.

घरात सासू, नणंद आणि नात्यातल्या इतर बायका अशी मोठी फौज होती. बाईने शिकणं म्हणजे घराला काळिमा, असं त्या मनापासून मानायच्या. दिवसभर घरकाम या बायकांच्या हाताखाली आणि अभ्यास रात्री किंवा पहाटे. इंग्रजी शिकवायला एक युरोपियन बाई येऊ लागल्या, तेव्हा शिकवणी संपली की त्यांचा विटाळ झाला म्हणून रमाबाईंनी अंघोळ करूनच घरात वावरायचं, असा नियम निघाला. टोमणे, अबोला, मुद्दाम वाढवलेली कामं हे तर रोजचंच.

आणि रानडे? बाहेर सभांमधून समाजसुधारणेवर बोलणारा हा माणूस घरातल्या बायकांशी कधी भांडला नाही. वडीलधाऱ्यांना दुखवायचं नाही, उलट उत्तर द्यायचं नाही, आणि शिकणंही सोडायचं नाही, अशी त्यांची बायकोकडून अपेक्षा होती. आज वाचताना याचा राग येतो. सुधारणा नवऱ्याची आणि तिची किंमत मोजणारी बायको, असाच हा व्यवहार होता. नवऱ्याचं ऐकावं तर सासू रुसणार, सासूचं ऐकावं तर नवरा नाराज होणार.

पण या कोंडीत रमाबाई एक गोष्ट शिकल्या, जी पाटीवर शिकता येत नाही. आपल्याला छळणाऱ्या बायका दुष्ट नाहीत, त्या घाबरलेल्या आहेत, हे त्यांना उमगत गेलं. त्यांची नणंद दुर्गाक्का स्वतः विधवा होती. ज्या बाईचं सगळं आयुष्य माजघरात गेलं, तिला दारातून बाहेर पडणारी भावजय कशी दिसत असेल? रमाबाईंनी १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक लिहिलं. त्यात हा सगळा छळ आहे, पण कुणाचा सूड घेतल्यासारखा नाही.

१८७८ साली रानडेंची नाशिकला बदली झाली आणि रमाबाईंना मोकळा श्वास मिळाला. तिथे त्या पहिल्यांदा सभेत उभ्या राहिल्या. हे पहिलं भाषण रानडेंनी लिहून दिलं होतं. पुढे पुण्यात पंडिता रमाबाई आल्या, १८८२ मध्ये आर्य महिला समाज निघाला आणि रमाबाई त्यात जाऊ लागल्या. मुलींसाठी हायस्कूल हवं म्हणून पुण्यात सभा झाली, तेव्हा त्यांनी गव्हर्नरसमोर इंग्रजीत निवेदन वाचलं. शहरात कौतुक झालं, घरी आल्यावर बोलणी बसली. ते हायस्कूल मात्र १८८४ मध्ये सुरू झालं. तीच आपली हुजूरपागा.

१८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मुंबईतली वर्षं त्या मानाने सुखाची गेली. आणि मग १९०१ उजाडलं.

रमाबाईंचं वय तेव्हा चाळिशीच्याही आत. मूलबाळ नाही. ज्याच्याभोवती सगळं आयुष्य फिरलं तो माणूस गेला. त्या पुण्याला परतल्या आणि साधारण वर्षभर जवळजवळ कुणात मिसळल्याच नाहीत. त्या काळातल्या उच्चवर्णीय विधवेकडून अपेक्षाही तीच होती. कोपऱ्यात बसा, जप करा, दिवस मोजा. त्या तशाच राहिल्या असत्या तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

त्या बाहेर पडल्या. १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष रमाबाई होत्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल हे सेवासदनाची कल्पना घेऊन त्यांच्याकडे आले. मुंबईत सेवासदन उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात रमाबाईंनी आपल्याच वाड्यात पुणे सेवासदन सुरू केलं. गो. कृ. देवधर हे त्यात त्यांचे मोठे साथीदार.

यासाठी रमाबाईच का लागल्या, याचं उत्तर पुण्याच्या आदल्या वीस वर्षांत आहे. पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी शारदासदन काढलं होतं आणि सुरुवातीला रानडेंसारख्यांचा त्याला पाठिंबा होता. पण तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतायत असा गदारोळ १८९३ मध्ये उठला आणि हा पाठिंबा गेला. त्यानंतर विधवा मुलीला कुठल्या संस्थेत पाठवायचं म्हटलं की घरांच्या पोटात गोळा यायचा. धोंडो केशव कर्व्यांना त्यांच्या आश्रमासाठी हाच संशय झेलावा लागला.

अशा शहरात दारं उघडायला असं कुणीतरी हवं होतं, ज्याच्यावर सासवा विश्वास ठेवतील. रमाबाईंचं वागणं-राहणं जुन्या वळणाचं होतं आणि माजघराची भाषा त्यांना पक्की ठाऊक होती. लेकीसुनेला शिकायला पाठवताना त्या घरातली कुठली बाई आडवी येईल आणि तिला कसली भीती वाटत असेल, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ज्या घराने त्यांना छळलं, त्या घरात काढलेली वर्षं इथे कामी आली.

सेवासदनात लिहिणं-वाचणं, शिवणकाम असे वर्ग सुरू झाले. खरा धाडसाचा भाग होता नर्सिंगचा. परक्या माणसांची शुश्रूषा, रात्रपाळी, कुणाच्याही जातीच्या रुग्णाला हात लावणं हे उच्चवर्णीय घरात कल्पनेपलीकडचं होतं. सेवासदनाने त्याच घरांतल्या विधवांना ससून रुग्णालयात प्रशिक्षणाला पाठवलं. जी बाई घरात अपशकुनी म्हणून शुभकार्यात समोर यायची नाही, तिची रुग्णालयात पेशंट वाट बघू लागले.

समाजाला हे पचायला वेळ लागलाच. एकदा सेवासदनाच्या वार्षिक समारंभात केशवपन केलेली एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. प्रेक्षकांतल्या कॉलेजच्या पोरांनी तिची हुर्यो उडवली. कधीही आवाज न चढवणाऱ्या रमाबाई त्या दिवशी चिडल्या. समारोपाला उभ्या राहून त्यांनी त्या पोरांचा जाहीर समाचार घेतला. अशा वागण्याला शिक्षण म्हणायचं का, आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरात एखादी विधवा आत्या, मावशी किंवा बहीण नाही का, असा त्यांचा सवाल होता. स्वतःवरचे टोमणे त्यांनी वर्षानुवर्षं मुकाट्याने गिळले होते. आपल्या मुलींवरचा एकही त्यांनी चालवून घेतला नाही.

त्यांचं बाकीचं काम मोजत बसलं तर यादी लांबेल. त्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला नियमित जायच्या. १९१३ मध्ये दुष्काळी मदतीसाठी त्या गुजरात-काठेवाडात गेल्या. पण एक प्रसंग सांगायलाच हवा. १९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा विषय आला, तेव्हा पैसे पुरणार नाहीत म्हणून आधी फक्त मुलांसाठी सक्ती करू, मुलींचं नंतर बघू, अशी भूमिका घेतली गेली. विठ्ठल रामजी शिंदे आणि इतर सुधारक याविरुद्ध उभे राहिले. रमाबाईही त्यात होत्या. पुण्यातल्या बायका मुलींच्या शिक्षणासाठी मोर्चा घेऊन रस्त्यावर आल्या. ज्या शहरात घरात बसून इंग्रजी वाचलं म्हणून रमाबाईंना बोलणी खावी लागली, त्याच शहरातलं हे दृश्य. त्याच सुमारास मुंबई इलाख्यात बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून चळवळ झाली, तिच्याही पुढे रमाबाईच होत्या.

१९२४ मध्ये त्या गेल्या, तेव्हा पुणे सेवासदनात हजाराहून जास्त बायका शिकत होत्या. शेवटच्या काही वर्षांत तब्येत साथ देत नव्हती, पण आषाढी-कार्तिकीला आळंदीला जाणं त्यांनी सोडलं नाही. सोबत सेवासदनाच्या स्वयंसेविका असायच्या आणि आलेल्या वारकरी बायकांचं दुखलंखुपलं बघायचं काम त्यांच्याकडे असायचं.