सेनापती आयझेनहॉवर आणि पत्राची वाट



मी इयत्ता चौथीत आहे. गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी सर्वांना एकेका थोर माणसाचे चरित्र लिहायला सांगितले. बाकीच्या मुलांनी शिवाजी महाराज, लोकमान्य टिळक, सावित्रीबाई फुले असे विषय घेतले. मी अमेरिकेचे सेनापती ड्वाइट आयझेनहॉवर घेतले. त्याला कारण आमचा दादा.

दादानं खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा दिली आहे. लेखी झाली, मुलाखत झाली, डॉक्टरांची तपासणी पण झाली. आता फक्त शेवटची यादी लागायची आहे. आमच्या घरात मोबाईलला रेंज येत नाही. म्हणून दादा रोज टेकडीवर जाऊन बघतो आणि न बोलता खाली येतो. आई वाढते, तो अर्धी भाकरी तशीच ठेवतो. आधी तो पहाटे डेअरीत दूध मापायला जायचा. ते पण बंद केलं. मी हे गुरुजींना सांगितले, तेव्हा त्यांनी मला आयझेनहॉवरची गोष्ट सांगितली व वाचायला पुस्तक दिले.

आयझेनहॉवर यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९० रोजी अमेरिकेत टेक्सास राज्यातील डेनिसन या गावी झाला. त्यांचे बालपण मात्र कॅन्सस राज्यातील ॲबिलीन गावात गेले. त्या भागात गहू खूप पिकतो. आईवडिलांना सात मुलगे झाले. त्यातला एक लहानपणीच वारला. घरची गरिबी होती. घरामागच्या जमिनीत भावंडं भाजीपाला लावत आणि दारोदार फिरून विकत. ड्वाइटला सगळे आइक म्हणत. मी पुस्तकात हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, त्याची आई त्याला ऐक ऐक म्हणत असेल.

आइक शाळेत असताना पडला आणि गुडघ्याला खरचटले. जखम चिघळून पाय सुजला. डॉक्टर म्हणाले की पाय कापावा लागेल. आइक कापू देईना. आपण बेशुद्ध झालो तरी पाय कापू देऊ नकोस असे त्याने भाऊ एडगरला सांगून ठेवले. एडगर राखण करीत बसला. शेवटी पाय बरा झाला, पण आइकचे शाळेचे एक वर्ष वाया गेले.

१९०९ साली दोघे भाऊ शाळेतून पास झाले. कॉलेजला घालायला पैसे नव्हते. म्हणून दोघांनी ठरवले की आधी एडगरने शिकायचे आणि आइकने कमवून त्याला पैसे पाठवायचे. मग आइकची पाळी. वडील बेल स्प्रिंग्ज नावाच्या लोण्याच्या कारखान्यात कामाला होते. तिथे बर्फही तयार होई. आइक तिथेच लागला. तो बर्फाच्या जड लाद्या ओढी, भट्टीत कोळसा घाली. पुढे त्याला रात्रपाळीचा मुकादम केले. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, असे बारा तास काम होते.

गावात त्याचा हॅझलेट नावाचा मित्र होता. त्याला आरमाराच्या शाळेत जायचे होते, पण तो गणितात राहिला होता. त्याने आइकला सांगितले की सैन्याच्या शाळेत शिक्षण फुकट मिळते. मग ऑगस्ट १९१० मध्ये आइकने आपल्या राज्याचे सिनेटर ब्रिस्टो यांना पत्र लिहिले. तिकडे अशा निवडून दिलेल्या माणसानं नाव सुचवावं लागतं. आइकची कुणा मोठ्या माणसाशी ओळख नव्हती. पण गावातल्या चांगल्या लोकांनी त्याच्यासाठी शिफारसपत्रे लिहिली. दोघे मित्र दुपारी अभ्यास करीत आणि रात्री आइक कामावर जाई.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला टोपेका येथे परीक्षा झाली. वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेसाठी आइकचा दुसरा नंबर आला. आता काय होणार? आरमाराच्या शाळेला वयाची अट होती आणि आइकला वीस वर्षे पुरी होत आली होती, म्हणून ती वाट बंद झाली. पहिल्या नंबरचा मुलगा तर पुढेच होता. आइक पत्राची वाट बघत राहिला, पण त्याने कारखाना सोडला नाही. पगारातून एडगरला मदत चालू होती. जुन्या शाळेत जाऊन तो पुन्हा विज्ञान व गणित पण शिकत होता. जवळजवळ तीन आठवड्यांनी सिनेटरांचे पत्र आले. वेस्ट पॉइंटसाठी आइकचेच नाव दिले होते.

तरी वाट संपली नाही. जानेवारी १९११ मध्ये त्याला शाळेची परीक्षा आणि शरीराची तपासणी द्यावी लागली. दोन्हीत तो पास झाला. जूनमध्ये तो निघाला. त्याच्या आईला युद्ध म्हणजे पाप वाटत असे, पण तिने त्याला अडवले नाही. तो गेल्यावर खोलीत जाऊन ती रडली. हे वाचून मला आमची आई आठवली.

शाळेत फुटबॉल खेळताना त्याचा गुडघा पुन्हा दुखावला. त्यामुळे १९१५ साली पास झाल्यावरही सैन्यात घेतील का नाही अशी शंका होती. शेवटी घेतले. पहिल्या महायुद्धात त्याला लढाईवर जायचे होते. हुकूम आला, पण जायच्या आधीच ११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबले. नंतर तो सोळा वर्षे मेजरच राहिला. बढती नाही म्हणून त्याने काम सोडले नाही.

दुसऱ्या महायुद्धात ते युरोपातील दोस्त सैन्याचे मुख्य सेनापती झाले. फ्रान्सच्या किनाऱ्यावर ५ जून १९४४ ला उतरायचे ठरले होते. वादळ आले म्हणून एक दिवस थांबावे लागले. ६ जूनला दीड लाखाहून जास्त सैनिक उतरले. हरलो तर दोष माझा, अशी चिठ्ठी त्यांनी आधीच लिहून खिशात ठेवली होती. ती लागली नाही. पुढे १९५३ ते १९६१ ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. डिसेंबर १९५९ मध्ये ते भारतात आले आणि त्यांनी दिल्लीचे शेतीचे मोठे प्रदर्शन पाहिले. २८ मार्च १९६९ रोजी ते वारले. त्यांची समाधी ॲबिलीनलाच आहे.

काल मी हा लेख घरी मोठ्यानं वाचला. दादा काही बोलला नाही. त्यानं फक्त माझ्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. पण आज पहाटे मला जाग आली, तेव्हा तो डेअरीत गेला होता. यादी अजून लागली नाही.

यावरून आपण शिकावे की वाट बघताना हातातले काम सोडू नये. पत्र येवो नाही तर न येवो, केलेले काम वाया जात नाही.