सीटी स्कॅन बनवणाऱ्या बाप माणसाकडे युनिव्हर्सिटीची डिग्रीच नव्हती

ठाकुर्लीला फास्ट लोकल थांबत नाही. त्यामुळे इथल्या एखाद्या इंजिनिअरला घरून काम करायला मिळालं तर त्याच्यासारखा सुखी माणूस नाही. पण ते काम सीटी स्कॅन मशीनच्या रिमोट सपोर्टचं असेल, तर सुख जरा बेतानंच.

मशीन कुठल्यातरी लांबच्या हॉस्पिटलमध्ये, पेशंट बाहेर ताटकळलेले, आणि फोटोत गोल गोल कडी उमटायला लागलेली. म्हणजे डिटेक्टरचा एखादा भाग चुकीचं मोजतोय. मग इकडून लॉग तपासायचे आणि तिकडच्या टेक्निशियनला सांगायचं, पाण्याने भरलेला फँटम टेबलावर ठेवा. पाण्याचा आकडा शून्याच्या जवळपास यायला हवा.

हा आकडा ज्या मापात येतो त्याला हाउन्सफिल्ड युनिट म्हणतात. पाणी 0, हवा उणे 1000, टणक हाड 1000 च्या आसपास. कोरोनात ज्या एचआरसीटीने घराघरातली झोप उडवली होती, तिच्यातले फुप्फुसावरचे पांढुरके डागसुद्धा याच मापात मोजता येतात.

तर हे हाउन्सफिल्ड कोण?

गॉडफ्रे हाउन्सफिल्ड. जन्म 28 ऑगस्ट 1919, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरमध्ये. शेतकऱ्याच्या पाच लेकरांतलं शेंडेफळ. शाळेत गणित आणि फिजिक्स सोडलं तर कशातच लक्ष नाही. घरी मात्र उद्योग भरपूर. स्वतः बनवलेला ग्लायडर घेऊन गवताच्या गंजीवरून उडी मारून झाली. डांबराच्या पिंपात पाणी आणि ॲसिटिलीन भरून ते किती उंच उडतं हे बघताना पठ्ठ्या मरता मरता वाचला.

दुसऱ्या महायुद्धात तो हवाई दलात रडार शिकला आणि मग इतरांना शिकवायला लागला. युद्धानंतर इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला. डिग्री नाहीच. 1951 मध्ये ईएमआय कंपनीत लागला. हो, बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारी तीच ईएमआय. बीटल्सच्या पैशातून सीटी स्कॅन झालं असं लोक हौसेने सांगतात, पण त्यात ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याचाही पैसा होता, हे कुणी सांगत नाही.

1967 च्या सुमारास त्याच्या डोक्यात एक विचार आला. बंद पेटीत काय आहे हे पेटी न उघडता, सगळ्या बाजूंनी किरण सोडून कम्प्युटरला काढता येईल का?

साध्या एक्स-रेमध्ये सगळं एकावर एक दिसतं. कवटीपुढे मऊ मेंदूचा पत्ताच लागत नाही. तेव्हा मेंदूतली गाठ शोधायला पाठीच्या कण्यातून पाणी काढून हवा भरायचे. पेशंटचं डोकं फुटायची वेळ यायची.

हाउन्सफिल्डने लेथच्या जुन्या सांगाड्यावर जुळणी केली. पहिल्या स्कॅनला किती वेळ लागला? 9 दिवस! किरणांचा स्रोतच कमजोर होता. त्या जागी एक्स-रे ट्यूब लावली तेव्हा 9 तासांवर आलं. प्रयोगासाठी कत्तलखान्यातून बैलाचे मेंदू आणले जायचे.

1 ऑक्टोबर 1971. लंडनमधल्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात एका महिलेला मशीनमध्ये ठेवलं. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय होता. डॉ. जेम्स ॲम्ब्रोज सोबत होते. गंमत म्हणजे फोटो तिथे दिसलाच नाही. हॉस्पिटलकडे तेवढा कम्प्युटरच नव्हता. आकड्यांची मॅग्नेटिक टेप ईएमआयकडे पाठवली, हिशोब तिकडे झाला आणि मग फोटो परत आला. मशीन एकीकडे, डोकं दुसरीकडे, हा प्रकार पहिल्या पेशंटपासूनचाच.

फोटोत गोल काळपट गाठ स्पष्ट दिसत होती. सर्जनने ऑपरेशन केलं, तर गाठ अगदी फोटोतल्यासारखीच निघाली.

1979 मध्ये त्याला मेडिसिनचं नोबेल मिळालं, ॲलन कॉरमॅकसोबत. कॉरमॅक मूळचे दक्षिण आफ्रिकेचे फिजिक्सवाले. त्यांनी यामागचं गणित 1963-64 मध्येच स्वतंत्रपणे छापलं होतं, पण तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. डॉक्टरकीचं नोबेल, आणि दोघांतला एकही डॉक्टर नाही.

1981 मध्ये हाउन्सफिल्ड सर झाले. लग्न केलंच नाही. नोबेलच्या पैशातून घरी प्रयोगशाळा थाटायचा बेत मात्र केला. 12 ऑगस्ट 2004 ला ते गेले, 84 वर्षांचे होऊन.