वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर

नाशिकच्या मुलांना लढाऊ विमानाचा आवाज नवा नाही. शहराजवळ ओझर येथे 1964 साली विमानांचा मोठा कारखाना सुरू झाला. मिग आणि सुखोई ही विमाने तेथे तयार झाली. आज आपल्या देशातील तरुण मुलगे आणि मुलीही अशी विमाने चालवतात. परंतु एक काळ असा होता, की लढाऊ विमानाचा दरवाजा भारतीय माणसासाठी बंद होता. ज्या मोजक्या भारतीयांनी तो प्रथम उघडला, त्यांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे एक होते.

वेलिणकरांचा जन्म 1894 साली झाला. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज येथील जीझस कॉलेजात शिकू लागले. ऑगस्ट 1914 मध्ये पहिले महायुद्ध पेटले. त्यांच्याबरोबरीचे इंग्रज विद्यार्थी पुस्तके बाजूला ठेवून सैन्यात भरती होऊ लागले. वेलिणकरांनाही लढाईत उतरायचे होते आणि तेही वैमानिक म्हणून.

त्या वेळी विमानाचा शोध लागून जेमतेम दहा-अकरा वर्षे झाली होती. इंग्रजांच्या हवाई दलाला रॉयल फ्लाइंग कोअर असे नाव होते. या दलातील वैमानिक बहुधा अधिकारी असत. अधिकारी होण्यासाठी राजाची सनद, म्हणजे कमिशन मिळावे लागे. ही सनद भारतीयांना मिळत नसे. या युद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक परदेशी गेले. 1914 साली बेल्जियममध्ये खुदादाद खान या शिपायाने एकट्याने तोफखाना सांभाळावा तशी मशीनगन लढवली आणि व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वांत मोठा सन्मान मिळवला. तरीही भारतीय माणूस गोऱ्या सैनिकांना हुकूम देण्यास योग्य आहे, हे मानायला सरकार तयार नव्हते.

वेलिणकरांनाही हाच अनुभव आला. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या या पदवीच्या विद्यार्थ्याला विमानाच्या मेकॅनिकची जागा देऊ करण्यात आली. मेकॅनिकचे काम हलके नव्हते. त्याच्या हातावरच वैमानिकाचा जीव अवलंबून असे. परंतु केवळ भारतीय म्हणून आपल्याला खाली ठेवले जाते, हे वेलिणकरांना मान्य नव्हते. त्यांनी प्रयत्न सोडले नाहीत. शेवटी हा निर्बंध सैल झाला आणि त्यांना अधिकारी म्हणून घेण्यात आले. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय आणि एरॉल सेन हे तीन भारतीय तरुणही त्याच सुमारास लढाऊ वैमानिक झाले.

प्रशिक्षणानंतर वेलिणकर फ्रान्समध्ये 23 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. तेथे सॉपविथ डॉल्फिन नावाची विमाने होती. त्यांचे पंख दोन मजली असत. वैमानिक उघड्या जागेत बसे आणि त्याचे डोके वरच्या पंखाच्या मोकळ्या चौकटीतून बाहेर येई. त्यामुळे आकाश चांगले दिसे. पण उतरताना विमान उलटले, तर डोक्यालाच मार बसण्याची भीती असे. उंचावर हाडे गोठवणारी थंडी असे. इंग्रज वैमानिकांना तेव्हा पॅराशूटही दिले जात नसे. विमान पेटले, तर उडी मारून वाचण्याचा मार्ग नव्हता. हे सारे ठाऊक असूनही वैमानिक रोज वर जात.

27 जून 1918 रोजी वेलिणकर गस्तीसाठी निघाले, ते परत आले नाहीत. शत्रूने त्यांचे विमान पाडले होते. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती सापडले आणि 30 जून रोजी त्यांनी प्राण सोडले. तेव्हा त्यांचे वय अवघे 23 वर्षे होते. त्यानंतर साडेचार महिन्यांतच युद्ध संपले.

जर्मनांनी त्यांना दफन केले. पण कबरीवरील क्रूसावर नाव चुकीचे लिहिले गेले. युद्धानंतर चौकशी झाली, तेव्हा कोठे ती कबर वेलिणकरांची असल्याचे सिद्ध झाले. आज फ्रान्समधील हांगार गावाच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. अशा युद्ध-दफनभूमींत अधिकारी आणि शिपाई यांच्या कबरींवर सारख्याच आकाराचे दगड असतात. जिवंतपणी जी बरोबरी मिळवण्यासाठी वेलिणकरांना झगडावे लागले, ती तेथे सर्वांनाच मिळाली आहे.

त्या चौघांपैकी इंद्रलाल रॉय जुलै 1918 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मारले गेले. सेन शत्रूच्या कैदेत पडले. मलिक मात्र जखमी होऊनही वाचले आणि स्वातंत्र्यानंतर फ्रान्समध्ये भारताचे राजदूत झाले.

8 ऑक्टोबर 1932 रोजी भारतीय हवाई दलाची स्थापना झाली. ते पाहायला वेलिणकर नव्हते. ते ज्या साम्राज्यासाठी लढले, ते त्यांचे स्वतःचे नव्हते; पण भारतीय तरुण कोणाहून कमी नाही, हे त्यांनी आपल्या कामाने दाखवून दिले. ओझरहून उडालेले विमान डोक्यावरून गेले, की मुंबईच्या या तरुणाची आठवण अवश्य ठेवावी.